हेड गॅस्केट उडते म्हणजे काय, आणि ते घरी बदलता येते का?

चढावर इंजिन तापले, बॉनेटखालून वाफ आली, गाडी कशीबशी गॅरेजपर्यंत पोहोचली आणि तेथे ‘हेड पॅकिंग गेले आहे, इंजिन खोलावे लागेल’ एवढेच ऐकू आले, असा प्रसंग जुनी गाडी बाळगणाऱ्या पुष्कळांवर येतो. पडणारे कोडे असे की, हे पॅकिंग हातात घेऊन पाहावे तर तो भोके पाडलेला, मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा असतो आणि इंजिनातल्या स्वस्त वस्तूंमध्ये त्याची गणना होते. मग एवढ्याशा पत्र्यासाठी दोन-तीन दिवस का लागावेत, आणि मजुरीचा आकडा जुन्या गाडीच्या उरल्यासुरल्या किमतीला जाऊन का भिडावा? ज्याला पाना धरण्याची थोडी सवय आहे, त्याच्या मनात मग साहजिकच येते, की हे काम घरीच का करू नये.

करता येते. जुन्या गाडीत बॉनेटखाली हात घालायला जागा असते, तारा आणि सेन्सर कमी असतात, त्यामुळे बऱ्याचदा ते नव्या गाडीपेक्षा सोपेही जाते. मात्र जुने पॅकिंग उचलून नवे ठेवणे हा त्या कामातला पाच मिनिटांचा भाग आहे. बाकीचा सगळा वेळ धातूचे दोन पृष्ठभाग सपाट आणि स्वच्छ आहेत याची खात्री करण्यात, त्यांना मोजून आवळण्यात आणि मुळात पॅकिंग कशाने गेले हे शोधण्यात जातो. या शोधाला फाटा दिला, तर नवे पॅकिंगही जुन्याच वाटेने जाते.

पत्रा एक, कामे तीन

इंजिनाचे दोन मोठे ओतीव भाग असतात. खालचा ब्लॉक, ज्यातल्या सिलिंडरांत पिस्टन वर-खाली होतात. आणि त्यावर बसणारे हेड, ज्यात व्हॉल्व्ह आणि स्पार्क प्लग असतात. या दोहोंच्या सांध्यात बसते ते हेड गॅस्केट, म्हणजेच गॅरेजच्या भाषेत हेड पॅकिंग. प्रेशर कुकरच्या झाकणातले रबरी कडे चटकन आठवते, आणि ती तुलना चुकीचीही नाही. पण कुकरच्या कड्याला फक्त वाफ अडवायची असते. हेड गॅस्केटला एकाच वेळी तीन वस्तू अडवायच्या असतात आणि त्या एकमेकींत मिसळू द्यायच्या नसतात. पहिली म्हणजे सिलिंडरात जळणारे वायू. दुसरी कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवण्यासाठी पाण्यात गोठणरोधक द्रव मिसळून केलेले मिश्रण, जे ब्लॉकमधून हेडमध्ये चढते. तिसरी तेल. या तिन्हींच्या वाटा काही ठिकाणी एकमेकींपासून अवघ्या काही मिलिमीटरवरून जातात.

या तिघांचे दाब अगदी असमान आहेत. कूलंटचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ बारने (१ बार म्हणजे जवळपास हवेच्या दाबाएवढा दाब) जास्त असतो आणि तेलाचा ३ ते ५ बारच्या आसपास. सिलिंडरातला वायू मात्र पेट्रोल इंजिन पूर्ण भाराखाली असताना ५० बारच्या सहज पुढे जातो. डिझेलमध्ये हा आकडा त्याहून बराच मोठा असतो. ७५ मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर धरला आणि आतला दाब ६० बार मानला, तर हेडला वर ढकलणारा जोर सुमारे २.७ टन भरतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरात हा दणका सेकंदाला २५ वेळा बसतो. असे असताना सांधा उघडत नाही, कारण हेडचे बोल्ट त्याला या जोरापेक्षा कितीतरी अधिक ताणाने खाली दाबून धरतात. पॅकिंग स्वतः काही धरून ठेवत नाही. ते दोन धातूंमधल्या सूक्ष्म उंचसखलपणात दाबले जाऊन फटी बुजवते, एवढेच. बोल्टांचा ताण कुठे ढिला पडला किंवा पृष्ठभाग कुठे वाकला, की त्या जागी पॅकिंग निराधार होते.

पॅकिंग सहसा आपणहून जात नाही

वयोमानाने झिजून, गंजून गेलेली पॅकिंगे असतात, नाही असे नाही. पण बहुतेक वेळा त्याच्या आधी इंजिन एकदा तरी सडकून तापलेले असते. त्यामागचे कारण साध्या गणिताने समजते.

पुष्कळ जुन्या गाड्यांत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते. उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या दुप्पट प्रसरण पावते. ४०० मिलिमीटर लांबीचे हेड २० अंशांवरून ९० अंशांवर गेले, की ते सुमारे ०.६४ मिलिमीटरने लांबते; त्याखालचा बिडाचा ब्लॉक तेवढ्याच लांबीत जेमतेम ०.३१ मिलिमीटर वाढतो. म्हणजे गाडी चालू-बंद होण्याच्या प्रत्येक फेऱ्यात वरचा धातू खालच्या धातूवर एक तृतीयांश मिलिमीटर सरकतो, आणि ही घसट सोसतच पॅकिंगला गळती रोखायची असते. चांगले पॅकिंग हे वर्षानुवर्षे सोसते. पण कूलंट संपले, पंखा बंद पडला किंवा थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंटची वाट बंद ठेवणारी झडप) अडकला, तर हेडचा काही भाग १५०-२०० अंशांकडे जाऊ लागतो. बोल्टांनी जखडलेल्या हेडला पसरायला वाव नसतो, म्हणून ते मधोमध फुगते, आणि थंड झाल्यावर पूर्ववत सपाट होत नाही. त्यानंतर सांधा बाहेरून कितीही घट्ट दिसला, तरी आत कुठेतरी केसाएवढी फट राहून गेलेली असते.

म्हणून घरी काम करणाऱ्याने पाना उचलण्यापूर्वी आधी हे विचारावे, की इंजिन तापले कशाने. गंजून बुजलेला रेडिएटर, पाती झिजलेला वॉटर पंप, दाब न धरणारे रेडिएटरचे झाकण, फुटलेला होज पाइप, यांपैकी काहीतरी हाती लागतेच. झाकणासारखी क्षुल्लक वस्तूही येथे क्षुल्लक नसते: साधे पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळते, पण झाकणाने १ बार जादा दाब धरला तर तेच पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सैल झाले की ही २० अंशांची सवलत जाते.

खरोखरच पॅकिंग गेले आहे का?

या आजाराची लक्षणे प्रसिद्ध आहेत, आणि म्हणूनच निदान घाईने होते. सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर; तेल भरण्याच्या झाकणाखाली साबणाच्या घट्ट फेसासारखा मातकट पांढरा थर; बाहेर कुठेही गळती दिसत नसताना कूलंट कमी होत जाणे; थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटाभरातच रेडिएटरचा वरचा होज पाइप दगडासारखा कडक होणे; कूलंटच्या टाकीत सतत येणारे बुडबुडे. यांतले एखादे एकटेच दिसले तर त्यावर विसंबू नये. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल, तर इंजिन पुरते तापत नाही आणि आतल्या हवेतली वाफ तेलाच्या झाकणाखाली थंड होऊन तेलात मिसळते आणि तसाच पांढरा थर धरते. थंडीच्या सकाळी निरोगी गाडीच्या सायलेन्सरमधूनही पांढरी वाफ येते. फरक एवढाच की ती इंजिन गरम झाल्यावर नाहीशी होते.

खात्री करण्याचे चांगले मार्ग तीन आहेत आणि तिन्ही घरी करता येतात. पहिला रासायनिक. एका छोट्या काचनळीत निळा द्रव भरून ती रेडिएटरच्या तोंडावर बसवतात आणि कूलंटवरची हवा त्यातून ओढतात. हवेत ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असेल, तर निळा रंग हिरवट होत पिवळा पडतो; कूलंटमध्ये त्या वायूचे काहीच काम नसते, म्हणून रंग बदलला की शंका उरत नाही. डिझेल इंजिनात रंग तितका ठळक बदलत नाही. दुसरा मार्ग कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरातली हवा किती दाबतो ते, मोजण्याचा. स्पार्क प्लगच्या जागी दाबमापक लावून इंजिन स्टार्टरवर फिरवले, की ठीक अवस्थेतल्या पेट्रोल इंजिनात बहुधा १० ते १३ बार दिसतात. सगळे आकडे सारखेच पण थोडे कमी असतील तर ती वयाची झीज असते; शेजारच्या दोनच सिलिंडरांत आकडा एकदम कोसळलेला असेल, तर त्या दोहोंमधल्या चिंचोळ्या पट्टीवर पॅकिंग फाटले आहे असे समजण्यास हरकत नाही. तिसरा मार्ग म्हणजे हातपंपाने थंड कूलंटवर झाकणाइतकाच दाब देऊन काटा खाली येतो का ते पाहणे. काटा उतरतो आहे पण बाहेर एक थेंबही नाही, याचा अर्थ पाणी आत कुठेतरी चालले आहे.

एक सावधगिरी येथेच सांगितलेली बरी. गरम इंजिनाचे रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबामुळेच द्रव राहिलेले असते आणि झाकण फिरताक्षणी ते वाफ होऊन तोंडावर येते.

‘बाटली ओतून गळती थांबते म्हणतात, ते?’

गळती बुजवणारी रसायने मिळतात, आणि त्यांतल्या बऱ्याच द्रवांत सोडियम सिलिकेट असते, जे तापलेल्या जागी काचेसारखे घट्ट होते. पाण्याची बारीकशी झिरप अशाने काही काळ थांबू शकते. पण ज्या सांध्यावर सेकंदाला २५ वेळा ५० बारचा दणका बसतो, तेथे ही काच किती तग धरेल याचा अंदाज कोणालाही करता येईल. शिवाय हे रसायन गळतीची जागा ओळखून तेवढ्याच ठिकाणी जात नाही. रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्याही ते तितक्याच आनंदाने बुजवते. भंगारात निघालेली गाडी आणखी महिनाभर ओढायची असेल, तर हा उपाय समजण्यासारखा आहे. जी गाडी ठेवायची आहे तिच्यात तो करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘थोडे दिवस तशीच चालवली तर?’ हा प्रश्नही याच जातीचा. तेलात कूलंट मिसळले की तेलाचा थर बेअरिंगला वाचवू शकत नाही, आणि मग हेडपुरते असलेले काम क्रँकशाफ्टपर्यंत, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या तळातल्या मुख्य दांड्यापर्यंत, पोहोचते. सिलिंडरात कूलंट साचून गाडी रात्रभर उभी राहिली, तर सकाळी स्टार्टर मारताच पिस्टन पाण्यावर आदळतो; पाणी दबत नसल्याने पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. निदान पक्के झाले की गाडी उभी करणे हाच शहाणपणा आहे.

खोलण्यापूर्वी आणि खोलताना

त्या नेमक्या इंजिनाचे वर्कशॉप मॅन्युअल हाताशी नसेल, तर काम सुरूच करू नये. बोल्ट सोडण्याचा क्रम, आवळण्याचे आकडे, टायमिंगच्या खुणा, या गोष्टी दोन सारख्या दिसणाऱ्या इंजिनांतही वेगळ्या असतात. काही इंजिनांत सिलिंडरांचे लायनर, म्हणजे पिस्टन ज्यांत फिरतात त्या नळ्या, सुटे असतात. हेड काढल्यावर क्रँक फिरवला तर ते जागचे हलतात आणि त्यांच्या तळाची सील बिघडते. हे मॅन्युअलच सांगते. आणि टॉर्क पाना, म्हणजे बोल्ट किती जोराने फिरवला हे मोजणारा पाना, उसना का होईना पण आणलेला असावा.

इंजिन पूर्ण थंड असावे. कोमट नव्हे, रात्रभर उभे राहून थंड झालेले. बॅटरी सोडावी, इंधनाच्या नळीतला दाब मॅन्युअलप्रमाणे काढून टाकावा आणि कूलंट भांड्यात धरून झाकून ठेवावे. त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते, आणि कुत्री-मांजरे ते चाटतात. त्यानंतर इनटेक, एक्झॉस्ट, होज पाइप, तारा, एकेक सोडत जावे आणि सोडण्याआधी प्रत्येकाचा फोटो घ्यावा. सुटलेल्या प्रत्येक नळीला आणि तारेला चिठ्ठी चिकटवावी. ‘हे लक्षात राहील’ असे ज्याच्याविषयी वाटते, नेमके तेच तिसऱ्या दिवशी आठवत नाही.

टायमिंग बेल्ट किंवा चेन उतरवण्यापूर्वी पहिला पिस्टन वरच्या टोकाला आणून खुणा जुळवून ठेवाव्यात. क्रँकशाफ्ट आणि वरचा, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट यांची गाठ हा पट्टा बांधतो, आणि बऱ्याच इंजिनांत ही गाठ चुकली तर वर आलेला पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो.

हेडचे बोल्ट एकदम सोडायचे नसतात. बाहेरच्या कडेपासून आत, आलटून पालटून, प्रत्येक बोल्ट आधी पाव फेरा, मग अर्धा, असे दोन-तीन खेपांत सैल करावेत. एका बाजूचे सगळे बोल्ट आधी काढले, तर उरलेल्यांच्या ताणाने चांगले हेडही वाकू शकते. बोल्ट निघूनही हेड चिकटून बसलेच, तर सांध्यात स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटण्याचा मोह आवरावा. ॲल्युमिनियमवर तेथे पडलेला ओरखडा म्हणजे पुढच्या गळतीची तयार वाट असते. लाकडी ठोकळा ठेवून कडेने हलके ठोके दिले की ते सुटते. बिडाचे हेड असेल तर उचलायला दुसरा माणूस हवाच. खाली ठेवताना ते लाकडी पट्ट्यांवर ठेवावे, कारण उघडे असलेले व्हॉल्व्ह पृष्ठभागाच्या बाहेर डोकावत असतात.

हेड उतरल्यावर लगेच कापड घेऊन पुसायला लागू नये. आधी पाच मिनिटे नुसते पाहावे, कारण बिघाडाची हकिगत तेथे लिहिलेली असते. चार पिस्टनांपैकी तीन काजळीने काळे आणि एक नव्यासारखा चकचकीत दिसला, तर कूलंट त्याच सिलिंडरात जात होते. वाफेने तो रोज धुऊन निघत होता. पॅकिंगच्या भोकाभोवतीच्या पोलादी कड्यावरून एखादी काळी रेघ शेजारच्या पाण्याच्या भोकाकडे गेलेली दिसते. वायूने काढलेली ती वाट असते. त्या रेघेच्या समोर हेडवर आणि ब्लॉकवर खडूने खूण करावी. सपाटी तपासताना आणि तडा शोधताना पहिली नजर तेथेच जायला हवी.

सपाटी: केसाएवढ्या फरकाचा प्रश्न

घरी काम करणाऱ्यांचे नवे पॅकिंग पुन्हा जाते, ते बहुतेक करून येथे. साफ केलेल्या हेडवर अचूक सरळ पोलादी पट्टी, जिला स्ट्रेट एज म्हणतात, उभी ठेवावी: लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर. पट्टीखाली फिलर गेजची, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांच्या जुडग्यातली, ०.०५ मिलिमीटरची पाती सरकवून पाहावी. माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो, त्यावरून ही पाती किती पातळ आहे याची कल्पना यावी. चार सिलिंडरच्या हेडला पुष्कळ मॅन्युअले ०.०५ मिलिमीटरची, काही ०.१ मिलिमीटरपर्यंतची मुभा देतात. आपल्या इंजिनाची मर्यादा मॅन्युअलमधूनच घ्यावी. शाळेच्या कंपासपेटीतली पट्टी किंवा ‘डोळ्यांना तर सरळ दिसते’ हा निर्वाळा येथे चालत नाही, कारण डोळ्याला ०.१ मिलिमीटरचा बाक दिसतच नाही.

हेड मर्यादेबाहेर वाकलेले असेल, तर ते मशिन शॉपमध्ये नेऊन त्याला फेस मारून घ्यावा लागतो, म्हणजे पृष्ठभाग यंत्रावर अगदी थोडा कापून सपाट करावा लागतो. ‘घरी काम’ म्हणताना एवढी एक पायरी घराबाहेरची आहे हे मान्य करावे. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून हेड त्यावर घासण्याची युक्ती सांगितली जाते. लहान एका सिलिंडरच्या हेडला ती चालून जाते, पण ४०० मिलिमीटरच्या हेडवर हाताचा जोर कडांवर जास्त पडतो आणि पृष्ठभाग गोलसर होतो. हेड तेथे गेलेच आहे, तर दाबाखाली तड्यांची तपासणीही करून घ्यावी. सडकून तापलेल्या हेडमध्ये दोन व्हॉल्व्हच्या बैठकींमध्ये बारीक तडा जाणे हे नेहमीचे आहे, आणि तडकलेल्या हेडखाली कितीही उत्तम पॅकिंग घातले तरी पाणी आपल्या वाटेने जातच राहते. फेस मारण्यालाही मर्यादा असते: हेडची उंची ठरावीक आकड्याच्या खाली गेली की ते बाद.

ब्लॉकचा पृष्ठभागही याच पट्टीने तपासायचा असतो. बिडाचा ब्लॉक सहसा वाकत नाही, म्हणून ही तपासणी सर्रास वगळली जाते. पाच मिनिटांचे काम आहे, वगळू नये.

साफसफाई, आणि एक लपलेला धोका

जुन्या पॅकिंगचे चिकटलेले तुकडे प्लॅस्टिकच्या पातीने आणि रसायनाने मऊ करून काढावेत. हा भाग कंटाळवाणा असतो, म्हणून ड्रिलला खरखरीत चकती लावून तो झटपट उरकावासा वाटतो. दोन कारणांनी तसे करू नये. मऊ ॲल्युमिनियममध्ये चकतीने न दिसणारे खळगे पडतात. आणि चकतीची झडलेली कठीण भुकटी तेलाच्या वाटांत शिरून पुढे बेअरिंग खाते. पॅकिंग व्यवस्थित बसले आणि इंजिन मात्र काही दिवसांत खडखडू लागले, अशा प्रकरणांत ही भुकटी हमखास संशयित असते. फार जुन्या गाडीचे मूळ पॅकिंग ॲस्बेस्टॉसचे असू शकते. ते कोरडे खरवडू नये, ओले करून अलगद उचलावे आणि धूळ श्वासात जाऊ देऊ नये.

बोल्टांची भोकेही तितकीच महत्त्वाची आहेत. तळ बंद असलेल्या भोकात तेल किंवा पाणी साचलेले राहिले आणि त्यावर बोल्ट आवळला, तर तो द्रव पिस्टनसारखा दाबला जातो. द्रव दबत नाही. तडकतो तो ब्लॉक. प्रत्येक भोक कापडाची वात फिरवून आणि डोळ्यांना चष्मा लावून हवेने फुंकून कोरडे करावे.

बोल्ट: ‘हाताला घट्ट लागला’ म्हणजे किती?

जाणकार माणसांचाही आक्षेप असतो, की इतकी वर्षे हाताच्या अंदाजाने बोल्ट आवळले, मग येथेच मोजमापाचा एवढा सोवळेपणा कशाला? त्याचे उत्तर घर्षणात आहे. बोल्ट फिरवायला आपण जो जोर लावतो, त्यातला सुमारे नऊ दशांश भाग बोल्टच्या डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणातच संपतो. प्रत्यक्ष ताण द्यायला जेमतेम एक दशांश उरतो. आटे थोडे गंजलेले किंवा थोडे जास्त तेलकट असले, की तोच पाना तोच आकडा दाखवत असतानाही ताण भलताच निघतो. दहा बोल्टांचे दहा वेगवेगळे ताण झाले, तर पॅकिंग कुठे चिरडले जाते आणि कुठे सैल राहते.

यावर उपाय म्हणून अनेक इंजिनांत पहिल्या टप्प्यात बोल्ट ठरावीक टॉर्कने बसवतात आणि पुढे फक्त कोन मोजून फिरवतात, उदाहरणार्थ ९० अंश आणि पुन्हा ९० अंश. कोन घर्षणावर अवलंबून नसतो. १.५ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा बोल्ट पाव फेरा फिरला की तो ०.३७५ मिलिमीटर पुढे सरकणारच, आटे कोरडे असोत वा तेलकट. आणि बोल्ट ही एक फार ताठ स्प्रिंग असल्याने तेवढ्या सरकण्यातून ताण निर्माण होतो. शेवटच्या पाव फेऱ्यात पाना वाढत्या जोराने अडत नाही, एका ठरावीक जडपणाने जणू लोण्यातून जावा तसा फिरत राहतो, आणि पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याला वाटते की आटे निघाले. बहुधा तसे नसते. हे बोल्ट मुद्दाम त्यांच्या ताणमर्यादेपर्यंत खेचले जातात, म्हणजे ते कायमचे थोडे लांबतात. म्हणूनच ते एकदाच वापरायचे असतात. ताणून सैल झालेले इलॅस्टिक पुन्हा तितके धरत नाही, तसे. मॅन्युअल नवे बोल्ट सांगत असेल तर तेथे काटकसर करू नये.

आवळण्याचा क्रम सोडण्याच्या उलट: मधून सुरुवात करून बाहेरच्या कडांकडे. वहीला कव्हर चिकटवताना हात मधून कडेला फिरवतो, म्हणजे हवा अडकून फुगा राहत नाही, येथेही तेच. आट्यांना तेल लावायचे की नाही, हे मॅन्युअल सांगेल तसे.

पॅकिंग ठेवताना त्यावरचा वरच्या बाजूचा शिक्का पाहावा, प्रत्येक भोक खालच्या भोकाशी जुळते का ते पाहावे आणि जागा धरणाऱ्या दोन खुंट्यांवर ते बसवावे. उलटे ठेवलेले पॅकिंग एखादी तेलाची वाटच बंद करू शकते. डिझेल इंजिनांत एकाच पॅकिंगच्या वेगवेगळ्या जाड्या मिळतात आणि कडेच्या खाचा किंवा भोके मोजून त्या ओळखतात. जुन्याच्या खाचा मोजूनच नवे घ्यावे. ‘खात्रीसाठी’ दोन्ही बाजूंना सीलंट फासण्याची सवय मात्र सोडून द्यावी. मॅन्युअलने एखाद्या कोपऱ्यावर थेंब सांगितला असेल तेवढाच. बाकी पॅकिंग कोरडेच बसते.

पहिल्यांदा चालू करताना

टायमिंग बेल्ट निघालेलाच आहे, तर तो नवा घालावा, आणि त्याच्या मागे दडलेला वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटही बदलून टाकावा. खुणा जुळवल्यावर इंजिन स्टार्टरवर न फिरवता पान्याने हाताने पूर्ण दोन फेरे द्यावेत. कुठे कडक अडले तर जोर लावू नये. खुणा पुन्हा पाहाव्यात.

तेलात पाणी गेले असेल, तर तेल आणि फिल्टर आधी बदलावा, इंजिन एकदा गरम होईपर्यंत चालवावे आणि तेच तेल पुन्हा काढून नवे घालावे. वाया गेलेले ते स्वस्त तेल आतला मातकट फेस धुऊन नेते. कूलंट भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवावा आणि हवा काढण्याचे स्क्रू असतील तर तेथून बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहावे, कारण हेडमध्ये अडकलेला हवेचा फुगा हे नवे पॅकिंग पहिल्याच दिवशी तापवण्याचे खात्रीचे साधन आहे. इंजिन चालू झाल्यावर पंखा आपोआप लागून एकदा बंद होईपर्यंत गाडीजवळून हलू नये. सुरुवातीला सायलेन्सरमधून पांढरी वाफ येईल. आत साचलेले पाणी जाईपर्यंत ती येतच राहते, आणि तिला पाहून घाबरण्याचे कारण नाही. काही जुन्या इंजिनांत, विशेषतः तंतुमय पॅकिंग असलेल्यांत, ठरावीक किलोमीटरनंतर हेड पुन्हा आवळायला सांगितलेले असते. कोनात आवळलेल्या बोल्टांना मात्र पुन्हा हात लावायचा नसतो.

पुढच्या आठवड्यात रोज सकाळी, इंजिन थंड असताना, टाकीवर पेनने मारलेल्या रेघेपाशी कूलंट आहे का ते पाहावे. पहिले दोन दिवस पातळी बोटभर उतरली तर ती अडकलेली हवा निघाल्याची खूण आहे. तेवढे भरून टाकावे. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतरही ती उतरतच राहिली, तर काचनळी आणि निळा द्रव पुन्हा बाहेर काढावा लागेल.